'इफ'च्या गुंत्यातून 'केस'च्या मांडणीकडे
पीकनुकसानीच्या मदतीचे एक्सेल कोष्टक एसक्यूएलमध्ये नेताना

अतिवृष्टीने पिकांचे नुकसान झाले की पंचनामे होतात, पंचनाम्यांच्या याद्या तयार होतात आणि त्या याद्यांवरून मदतीची रक्कम ठरते. हिशेबाच्या या टप्प्यावर अनेकदा एक्सेलसारखे संगणकीय कोष्टक वापरले जाते. त्याच्या एका रकान्यात 'असे असेल तर इतके, नसेल तर तितके' अशा अटी एकात एक गुंफलेले सूत्र असते. याद्या वाढल्या आणि नियम वरचेवर बदलू लागले की हे सूत्र एसक्यूएल या माहितीच्या प्रश्नभाषेत उतरविण्याची गरज भासते. वरकरणी हे काम शब्दास शब्द ठेवण्याचे वाटते. प्रत्यक्षात तोच नियम या दोन साधनांत दोन वेगळी उत्तरे देऊ शकतो आणि त्या फरकाचा फटका एखाद्या अल्पभूधारक खातेदाराला बसू शकतो.

नियम आणि त्यातील अटी

लातूर जिल्ह्याच्या ईशान्येस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला जळकोट हा डोंगराळ तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. येथील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे आणि सोयाबीन, तूर, कापूस ही येथील महत्त्वाची पिके आहेत. अशा तालुक्यातील एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की तेथे अतिवृष्टी झाल्याचे मानले जाते. त्यानंतर महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तीन खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी मिळून पंचनामे करतात.

मदतीसाठी पात्र ठरण्यास पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या कालावधीकरिता ठरविलेल्या निकषांनुसार हेक्टरी दर असे आहेत : जिरायत पिकांसाठी ८,५०० रुपये, बागायत पिकांसाठी १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये. या निकषांत कमाल मर्यादा २ हेक्टरची आहे. नियमात अशा प्रकारे तीन प्रश्न दडलेले आहेत. नुकसान पुरेसे आहे का? पीक कोणत्या प्रकारचे आहे? क्षेत्र मर्यादेत आहे का?

कोष्टकातील सूत्र

संगणकावर ही सूत्रे रोमन लिपीत लिहिली जातात. येथे ती उच्चारानुसार दिली आहेत. क्षेत्र आरमध्ये नोंदविले आहे असे धरल्यास (१०० आर म्हणजे १ हेक्टर) एक्सेलमधील सूत्र साधारणपणे असे होईल :

=इफ(नुकसान<३३, ०, इफ(पीक="जिरायत", ८५००, इफ(पीक="बागायत", १७०००, २२५००)) * मिन(क्षेत्र/१००, २))

याचा अर्थ असा की नुकसान ३३ टक्क्यांहून कमी असल्यास शून्य रुपये. तसे नसल्यास पीक पाहून दर ठरवायचा आणि त्याला क्षेत्राने गुणायचे. मात्र क्षेत्र २ हेक्टरपेक्षा अधिक धरायचे नाही. येथे तीन 'इफ' एकमेकांच्या पोटात आहेत. एक्सेलच्या २००३ च्या आवृत्तीत अशी सात पातळ्यांपर्यंतची गुंफण शक्य होती, २००७ च्या आवृत्तीपासून ती चौसष्टपर्यंत वाढली. मर्यादा वाढली तरी वाचणाऱ्याची अडचण कमी झाली नाही. दहा-बारा कंसांनी बंद होणारे सूत्र लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी उलगडत नाही, आणि ज्याच्या नावापुढे शून्य आले आहे त्याला तर ते दिसतही नाही.

दोन साधनांचे दोन स्वभाव

संगणकीय कोष्टकाचा जन्म १९७९ मधील व्हिसिकॅल्क या प्रणालीपासून मानला जातो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन हे तिचे कर्ते. वहीतील आडव्या-उभ्या रेघांचे हिशेबी पान पडद्यावर आणणे हा तिचा हेतू होता. म्हणून कोष्टकात प्रत्येक खान्याला स्वतःचे सूत्र असते, त्यात संख्या येऊ शकते, मजकूर येऊ शकतो, किंवा काहीच नसू शकते.

एसक्यूएलची वाट वेगळी आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपात साठविण्याची कल्पना मांडली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' ही भाषा सादर केली; तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. अमेरिकेत १९८६ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले आणि अटी मांडणारी 'केस' ही रचना १९९२ च्या प्रमाणात आली. या भाषेत सूत्र खान्याला चिकटलेले नसते. संपूर्ण तक्त्याला एक प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येक ओळीला तोच नियम लागू होतो. रकान्याचा प्रकारही आधीच ठरलेला असतो : संख्येच्या रकान्यात संख्या, तारखेच्या रकान्यात तारीख.

कोष्टकाला आकाराची मर्यादा असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये १०,४८,५७६. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरली. ओळी संपल्यानंतरची माहिती गळाली आणि १५,८४१ करोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत वेळेवर आली नाही. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला.

थेट भाषांतर

वरील सूत्र जसेच्या तसे एसक्यूएलमध्ये नेल्यास पुढील प्रश्न तयार होतो :

सिलेक्ट गट,
  केस
    व्हेन नुकसान < ३३ देन ०
    व्हेन पीक = 'जिरायत' देन ८५०० * लीस्ट(क्षेत्र/१००, २)
    व्हेन पीक = 'बागायत' देन १७००० * लीस्ट(क्षेत्र/१००, २)
    एल्स २२५०० * लीस्ट(क्षेत्र/१००, २)
  एंड
फ्रॉम पंचनामा;

कंसांचा डोंगर नाहीसा होऊन अटी एकाखाली एक आल्या. दोन्ही रचनांत वरून खाली जाताना जी अट प्रथम खरी ठरते तिचेच उत्तर घेतले जाते, त्यामुळे अटींचा क्रम तोच ठेवावा लागतो. एक्सेलमधील 'मिन'च्या जागी येथे 'लीस्ट' आले आहे, कारण एसक्यूएलमध्ये 'मिन' हे सामान्यतः अनेक ओळींतील सर्वांत लहान मूल्य शोधते, एकाच ओळीतील दोन मूल्यांपैकी लहान मूल्य नव्हे.

हे भाषांतर निर्दोष दिसते. ते तपासण्यासाठी पाच नमुना ओळी घेऊ. त्या काल्पनिक असून प्रत्येक ओळ वेगळ्या खातेदाराची आहे.

१) जिरायत, ८० आर, नुकसान ४० टक्के.
२) बागायत, १२० आर, नुकसान ३३ टक्के.
३) 'जिराईत' असे लिहिलेले, १०० आर, नुकसान ६० टक्के.
४) जिरायत, ५० आर, नुकसानीचा रकाना रिकामा.
५) जिरायत, ३४० आर, नुकसान ५५ टक्के.

एक्सेलची उत्तरे अनुक्रमे ६,८००, २०,४००, २२,५००, ० आणि १७,००० अशी येतात. बेरीज ६६,७०० रुपये. तीच माहिती मायएसक्यूएलमध्ये वरील प्रश्नाने तपासली तर चौथ्या ओळीत शून्याऐवजी ४,२५० येतात आणि बेरीज ७०,९५० होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये क्षेत्राचा रकाना पूर्णांकी असल्यास उत्तरे ०, १७,०००, २२,५००, ० आणि १७,००० अशी येतात, बेरीज ५६,५००. नियमानुसार योग्य रक्कम यांपैकी कोणतीच नाही. ती आहे ५२,७०० रुपये, आणि एका ओळीचा निर्णय पंचनामा पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेला.

भागाकार : लहान क्षेत्राला शून्य

पहिल्या ओळीतील खातेदाराकडे ८० आर, म्हणजे दोन एकर जमीन आहे. एक्सेलमध्ये ८० भागिले १०० म्हणजे ०.८. पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट या प्रणालींत मात्र पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास उत्तरही पूर्णांकच येते आणि अपूर्णांक गळतो. ८० भागिले १०० म्हणजे तेथे शून्य. परिणामी ६,८०० रुपयांच्या जागी काहीच मिळत नाही. दुसऱ्या ओळीतील १२० आर हे १ हेक्टर ठरते आणि ३,४०० रुपये कमी होतात. पाचव्या ओळीतील ३४० आर हे ३ हेक्टर ठरले तरी २ हेक्टरच्या मर्यादेमुळे रक्कम पूर्ण राहते. या चुकीत मोठ्या खातेदाराचे काहीच बिघडत नाही आणि एक हेक्टरहून कमी जमीन असलेला प्रत्येक जण यादीत शून्यावर येतो. उपाय अगदी छोटा आहे : भाजक १०० ऐवजी १००.० असा दशांशात लिहावा.

रिकामा रकाना : नकार की प्रतीक्षा?

चौथ्या ओळीत नुकसानीची टक्केवारी भरलेली नाही. एक्सेल रिकामा खाना तुलनेच्या वेळी शून्य मानते. शून्य हे ३३ पेक्षा कमी, म्हणून खातेदार अपात्र. एसक्यूएलमध्ये रिकाम्या मूल्याला 'नल' म्हणतात आणि त्याच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर 'खरे' किंवा 'खोटे' नसून 'अज्ञात' असते. अज्ञात अट वगळून प्रश्न पुढे सरकतो आणि पीक जिरायत असल्याने मदत मंजूर होते. न झालेल्या पंचनाम्यावर एका साधनाने नकार दिला, दुसऱ्याने पैसे दिले. दोन्ही चूक. योग्य उत्तर 'पंचनामा बाकी' हे आहे आणि त्यासाठी 'इज नल' ही अट सर्वांत वर लिहावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही चूक भागाकाराच्या चुकीखाली झाकली गेली होती. भागाकार दुरुस्त होताच ती वर येईल.

क्षेत्राचा रकाना रिकामा असल्यास तर प्रणालीगणिक वर्तन बदलते. 'लीस्ट'ला एक मूल्य रिकामे मिळाले तर मायएसक्यूएल उत्तर रिकामे देते. पोस्टग्रेएसक्यूएल रिकामे मूल्य दुर्लक्षून उरलेले, म्हणजे २ हेक्टर, धरते. क्षेत्र न नोंदविलेल्या खातेदाराला तेथे कमाल मदत लागू होईल.

याच्या उलट बाजूचा धोका एक्सेलमध्ये आहे. टक्केवारीच्या खान्यात कोणी 'अप्राप्त' किंवा '२० टक्के' असा मजकूर लिहिला, तर एक्सेल मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानते आणि अशी ओळ पात्र ठरते. संख्येसाठी राखलेल्या रकान्यात बहुतेक डेटाबेस असा मजकूर स्वीकारतच नाहीत. जुन्या याद्या डेटाबेसमध्ये भरताना ज्या ओळी परत येतात, त्या टाकून न देता पुन्हा तपासाव्यात.

'नाहीतर'च्या झोळीत काय पडते?

तिसऱ्या ओळीतील खातेदाराचे पीक जिरायत आहे, पण ते 'जिराईत' असे लिहिले गेले. सूत्रातील शेवटचा 'नाहीतर' हा बहुवार्षिक पिकांसाठी होता. प्रत्यक्षात जिरायत नाही आणि बागायतही नाही असे सर्व काही त्यात पडते, शुद्धलेखनातील फरकासह. म्हणून ८,५०० च्या जागी २२,५०० आले. 'बागायत' आणि 'बागाईत', शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या याद्या, या सर्वांचा परिणाम असाच होतो. तिन्ही प्रकार स्पष्ट नावाने लिहावेत आणि 'नाहीतर' फक्त 'तपासा' या शेऱ्यासाठी राखावा. पीकप्रकारासाठी १, २, ३ असे संकेतांक ठेवले तर लेखनभेदाचा प्रश्नच उरत नाही.

दर सूत्रात नकोत, तक्त्यात हवेत

दर सूत्राच्या पोटात लिहिण्याचा तोटा गेल्या दशकात वारंवार दिसून येईल. २०१५ च्या निकषांत दर ६,८००, १३,५०० आणि १८,००० रुपये होते. २०२१ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने १०,०००, १५,००० आणि २५,००० रुपये असे वाढीव दर दिले. मर्यादा २ हेक्टर होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० झाले आणि मर्यादा ३ हेक्टर झाली. २०२५ मध्ये राज्याने पुन्हा केंद्राच्या ८,५००, १७,००० आणि २२,५०० या दरांचा आधार घेतला. प्रत्येक बदलाच्या वेळी हजारो खान्यांतील सूत्र दुरुस्त करायचे, तर काही खान्यांत जुना दर राहून जाण्याची शक्यता असतेच.

त्याऐवजी 'दर' नावाचा स्वतंत्र तक्ता करावा. त्यात पीकप्रकार, दर, मर्यादा, लागू होण्याची आणि संपण्याची तारीख असे रकाने असावेत. नवा शासन निर्णय आला की तीन ओळी वाढवायच्या. प्रश्न तोच राहतो. जुन्या आपत्तीची प्रलंबित प्रकरणे जुन्या दराने, नवी प्रकरणे नव्या दराने आपोआप मोजली जातात. सुधारलेला प्रश्न असा :

सिलेक्ट पं.गट,
  केस
    व्हेन पं.नुकसान इज नल देन 'पंचनामा बाकी'
    व्हेन पं.क्षेत्र इज नल देन 'क्षेत्र नोंदवा'
    व्हेन द.दर इज नल देन 'पीकप्रकार तपासा'
    व्हेन पं.नुकसान < ३३ देन 'अपात्र'
    एल्स 'पात्र'
  एंड ॲज स्थिती,
  केस
    व्हेन पं.क्षेत्र इज नल देन नल
    व्हेन पं.नुकसान < ३३ देन ०
    व्हेन पं.नुकसान >= ३३ देन द.दर * लीस्ट(पं.क्षेत्र/१००.०, द.मर्यादा)
  एंड ॲज रक्कम
फ्रॉम पंचनामा पं
लेफ्ट जॉइन दर द
  ऑन द.पीक = पं.पीक
  अँड पं.दिनांक बिटवीन द.पासून अँड द.पर्यंत;

येथे स्थिती आणि रक्कम हे दोन वेगळे रकाने आहेत. एक्सेलच्या खान्यात कधी संख्या, कधी शेरा चालतो; एसक्यूएलच्या एका रकान्यात दोन्ही मिसळता येत नाहीत. 'लेफ्ट जॉइन'ही हेतुपुरस्सर आहे. त्याच्या जागी 'इनर जॉइन' वापरले तर ज्या ओळीला दर सापडला नाही ती ओळ उत्तरातूनच गळते. मग खातेदाराच्या नावापुढे शून्यही येत नाही, नावच राहत नाही. 'लेफ्ट जॉइन'मुळे तिसरी ओळ यादीत राहते आणि 'पीकप्रकार तपासा' असा शेरा मिळतो; शब्द दुरुस्त केल्यावर तिला ८,५०० रुपये लागू होतात.

मर्यादा गटाला की खातेदाराला?

एका खातेदाराचे दोन गटांत प्रत्येकी दीड हेक्टर जिरायत क्षेत्र बाधित असेल, तर यादीत दोन ओळी होतात. ओळनिहाय सूत्र दोन्ही गट मर्यादेत आहेत असे पाहते आणि ३ हेक्टरचे २५,५०० रुपये देते. मर्यादा खातेदारासाठी आहे, म्हणून २ हेक्टरचे १७,००० रुपयेच देय आहेत. एसक्यूएलमध्ये 'ग्रुप बाय' वापरून आधी पात्र क्षेत्राची खातेनिहाय बेरीज करावी आणि मर्यादा त्या बेरजेला लावावी. एकाच खात्यावर जिरायत आणि बागायत दोन्ही असतील, तर मर्यादेत कोणते क्षेत्र आधी मोजायचे, हे प्रश्नभाषा सांगू शकत नाही. तो प्रशासकीय निर्णय आहे आणि प्रश्न लिहिण्यापूर्वी तो लेखी मिळवावा. कोष्टकात हा निर्णय ओळींच्या क्रमाने नकळत होऊन जातो.

पडताळणी कशी करावी?

रूपांतर झाल्यावर जुने कोष्टक लगेच टाकून देऊ नये. दोन्हींतील उत्तरे गट क्रमांकानुसार समोरासमोर मांडून ज्या ओळींत फरक आहे त्यांचीच यादी काढावी. केवळ एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण एकाचे वाढलेले आणि दुसऱ्याचे घटलेले रुपये एकमेकांना झाकतात. पुढील गोष्टी आवर्जून तपासाव्यात :

* आधीच्या आणि नंतरच्या ओळींची संख्या सारखी आहे का?
* नुकसान ३२, ३३ आणि ३४ टक्के असलेल्या ओळींची उत्तरे नियमाशी जुळतात का?
* क्षेत्र १ हेक्टरहून कमी, नेमके २ हेक्टर आणि २ हेक्टर १ आर असताना काय होते?
* रिकाम्या रकान्यांच्या ओळी कोणत्या शेऱ्याखाली जमा झाल्या?
* शून्य रक्कम आलेल्या प्रत्येक ओळीसाठी कारण दाखविता येते का?

शेवटचा मुद्दा तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. मदतीची रक्कम आता थेट बँक खात्यात जमा होते, त्यामुळे विचारणा करणाऱ्याला उत्तर यादीतूनच द्यावे लागते. 'स्थिती'चा रकाना सोबत असेल तर 'अपात्र' आणि 'पंचनामा बाकी' यांतील फरक जळकोटच्या खातेदारालाही कळतो आणि मुदतीत दाद मागता येते. हीच पद्धत ५० पैशांच्या आतील आणि वरील पैसेवारी, शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा किंवा पाणीपट्टीचे टप्पे अशा कोणत्याही अटींच्या हिशेबाला लागू पडते.

परिभाषा

इफ : एक्सेलमधील अट. अट खरी असल्यास पहिले उत्तर, अन्यथा दुसरे.
केस, व्हेन, देन, एल्स, एंड : एसक्यूएलमध्ये अटींची मालिका मांडणारे शब्द. 'एल्स' न लिहिल्यास आणि एकही अट खरी न ठरल्यास उत्तर 'नल' येते. बेरीज करताना असे 'नल' वगळले जाते.
नल : मूल्य माहीत नसणे. शून्य नव्हे, मोकळी जागाही नव्हे.
लीस्ट : दिलेल्या मूल्यांपैकी सर्वांत लहान मूल्य. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते २०२२ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.
लेफ्ट जॉइन : पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी राखून दुसऱ्या तक्त्यातील जुळणारी माहिती जोडणे.
ग्रुप बाय : समान मूल्याच्या ओळी एकत्र करून त्यांची बेरीज किंवा संख्या काढणे.